वस्तुपारख : कठीण लाकूड आणि कोवळा हात



या सदरातून आजवर आपण घरोपयोगी वस्तूंची पारख करीत आलो. पितळी पातेली झाली, सागवानी कपाट झाले, हातमागाची सतरंजी झाली. या अंकात एका खेळण्याविषयी लिहीत आहे. खेळण्यासाठी सदराची पाने खर्ची घालावीत काय, असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. तथापि या खरेदीत माझ्या हातून एक चूक झाली. तिची किंमत पैशात मोजता येण्याजोगी नव्हती. आणि तीच चूक उद्या आपल्यापैकी कोणाच्याही घरी होऊ शकते, म्हणून हे लेखन.

खेळण्याचे नाव केंदामा. शब्द जपानी आहे. ‘केन’ म्हणजे तलवार आणि ‘तामा’ म्हणजे गोळा. हातात धरावयाचा लाकडी दांडा तो केन. त्याचे एक टोक निमुळते असते. दांड्यावर डमरूसारखा एक आडवा तुकडा बसविलेला असतो व त्याच्या दोन तोंडांना दोन वाट्या असतात, एक मोठी व एक लहान. दांड्याच्या बुंध्याशी तिसरी, मध्यम वाटी असते. दोऱ्याने बांधलेला लाकडी गोळा म्हणजे तामा. त्याला एका बाजूने भोक असते. गोळा उचलून वाटीत झेलावा, किंवा त्याच्या भोकात दांड्याचे टोक अचूक अडकवावे, एवढाच खेळ. सांगावयास दोन ओळी पुरतात. साधावयास वर्षे लागतात.

दोऱ्याला बांधलेला गोळा झेलण्याचा खेळ युरोपातही जुना आहे. फ्रान्समध्ये त्यास बिलबोके म्हणत आणि सोळाव्या शतकातील राजा तिसरा हेन्री याला त्याचा मोठा नाद होता. जपानमध्ये हा खेळ अठराव्या शतकात नागासाकी बंदरामार्गे आला, असे सामान्यतः मानले जाते. त्याला आजचे रूप मिळाले ते मात्र जपानमध्येच. हिरोशिमा प्रांतातील कुरे येथील एगुसा हामाजी या गृहस्थांनी १९१८ च्या सुमारास वाट्या व टोक यांची आजची मांडणी योजिली आणि पुढच्या वर्षी तिची नोंदणी करून घेतली. उत्पादनासाठी त्यांनी जवळचे हात्सुकाइचि हे गाव निवडले, कारण तेथे लाकूड कातणाऱ्या कारागिरांची वस्ती होती. व्यापारी वाचकांना या गावाच्या नावाचा अर्थ आवडेल. हात्सुकाइचि म्हणजे ‘विसाव्या दिवसाचा बाजार’. आपल्याकडे वारावरून बाजार भरतात, तेथे तिथीवरून भरत असे. २०१४ पासून केंदामाची जागतिक स्पर्धा याच गावी भरते.

आमच्या घरी हे खेळणे तीन वर्षांपूर्वी आले. जावई कामानिमित्त जपानला गेले होते. त्यांनी माझ्या नातवासाठी एक साधा केंदामा आणला. बीच नावाच्या लाकडाचा दांडा आणि लाल रंगाचा गोळा. नातू तेव्हा सात वर्षांचा होता. पहिले पंधरा दिवस घरात ठकठक आणि गोळा फरशीवर आपटल्याचा आवाज यांखेरीज काही ऐकू येईना. सूनबाईंनी अखेर सतरंजीवर उभे राहूनच खेळावे, असा नियम केला. मग हळूहळू आपटण्याचा आवाज कमी झाला आणि झेलण्याचा वाढला. ‘मोशिकामे’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात गोळा मोठ्या वाटीतून तळाच्या वाटीत आणि तेथून पुन्हा मोठ्या वाटीत असा एका लयीत सतत उडवावयाचा असतो. ससा आणि कासव यांच्यावरील एका जपानी बालगीताच्या तालावर तो खेळतात, म्हणून ते नाव. आमचा नातू संध्याकाळी गच्चीवर उभा राहून हे मोजत असे. शंभर झाले की धावत खाली येऊन सांगे. जे मूल पाच मिनिटे एका जागी बसत नव्हते, ते अर्धा तास एका वस्तूवर चित्त ठेवू लागले, याचे मला फार कौतुक वाटले.

कौतुकातूनच चूक झाली. त्याच्या दहाव्या वाढदिवसाला आपण त्याला उत्तमातला उत्तम केंदामा द्यावयाचा, असे मी ठरविले. पुतण्या अमेरिकेहून येणार होता. त्याला कळविले, “सर्वांत भारी लाकडाचा असेल तो आण. किमतीचा विचार करू नकोस.” आणि त्याने तसा आणला. पर्पलहार्ट नावाचे दक्षिण अमेरिकेतील जांभळ्या रंगाचे लाकूड, दांडा व गोळा दोन्ही त्याचेच, वरून आरशासारखे चकचकीत रोगण. मखमली पिशवीतून बाहेर काढला तेव्हा घरातील सर्वांनी तो हातोहात फिरवून पाहिला. नातवाने नमस्कार केला, दोन्ही हातांनी घेतला, दोन-चार वेळा उडवून दाखविला. मला धन्यता वाटली.

पुढे महिनाभराने एका दुपारी मी अवेळी घरी परतलो. गच्चीवरून ठकठक ऐकू येत होती. वर गेलो तो नातू जुन्या, रंग उडालेल्या लाल गोळ्याने खेळत होता. मला पाहताच त्याने तो पाठीमागे लपविला.

मी विचारले, “नवा कुठे आहे?”

“कपाटात आहे, आजोबा. तुम्ही असता तेव्हा त्यानेच खेळतो.”

“आणि मी नसतो तेव्हा?”

तो काही बोलला नाही. मग खाली पाहत म्हणाला, “तो फार सुंदर आहे, आजोबा. पण माझा हात दुखतो.”

वाचकहो, मी चाळीस वर्षे सांगलीच्या बाजारात हळदीचा व्यापार केला. ढोलात घोळवून चकाकी आणलेल्या हळकुंडावर मी कधी भाव बोललो नाही. मूठभर माल उचलावा, हळकुंड मोडावे, मोडताना आवाज ऐकावा, आतला रंग पाहावा, मगच बोली करावी, हे मी मुलांना शिकविले. आणि नातवासाठी वस्तू घेताना मात्र मी वरची चकाकी व किंमत यांवर विसंबलो. त्याहून वाईट म्हणजे, माझा मान राखण्यासाठी दहा वर्षांच्या मुलाला एक महिना लपून खेळावे लागले. आपल्या घरांत मुले मोठ्यांपुढे उलट बोलत नाहीत, याचा आपल्याला अभिमान असतो. त्या दुपारी त्या मौनाची दुसरी बाजू मला दिसली.

मी त्याच्याजवळ खाली बसलो आणि म्हणालो, “आता तू मला शिकव. दोन्ही केंदामा घेऊन ये.” त्या दिवशी व त्यानंतरच्या काही आठवड्यांत मी जे शिकलो, ते येथे क्रमाने मांडतो.

प्रथम वजन. वाळलेले बीचचे लाकूड एका घनमीटरला सुमारे सातशे किलो भरते. पर्पलहार्ट साडेआठशेच्या पुढे जाते. म्हणजे एकाच आकाराचा गोळा बीचचा पाऊणशे ग्रॅमचा असेल, तर पर्पलहार्टचा नव्वदच्या घरात जाईल. पंधरा ग्रॅम म्हणजे काय, असे आपण म्हणू. परंतु मोशिकामेच्या एका शतकात हा गोळा शंभर वेळा उचलावा व शंभर वेळा झेलावा लागतो, आणि प्रत्येक झेलीचा धक्का मनगटावर येतो. तरुण, भरलेल्या हाताला हेच वजन आवडते, कारण जड गोळा हवेत कमी डगमगतो व टोकावर ठामपणे बसतो. दहा वर्षांच्या मनगटाला ते सोसत नाही.

दुसरे, काठिण्य. लाकडाचे काठिण्य मोजण्यासाठी जांका नावाची कसोटी आहे. सुमारे ११.३ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतविण्यास किती पौंड जोर लागतो, ते त्यात मोजतात. काळ्या अक्रोडाला सुमारे १०१०, चेरीला ९५०, अमेरिकी बीचला १३००, तर कठीण मेपलला १४५० पौंड लागतात. पर्पलहार्ट या सर्वांच्या पुष्कळ पुढे आहे. काठिण्य अधिक, तितके खोचे पडणे कमी. म्हणून विक्रेते तो गुण म्हणून सांगतात, आणि वाटीच्या काठांबाबत ते खरेही आहे. पण गोळ्याबाबत खेळणाऱ्यांचे मत निराळे असते. भोकाच्या काठाशी टोक वारंवार घासून लाकडावर बारीक खाचा पडतात आणि टोक आत शिरण्याचा मार्ग जणू घडत जातो. नातवाच्या जुन्या गोळ्याला तीन वर्षांच्या अशा खुणा होत्या. तो म्हणाला, “हा गोळा मला ओळखतो.” पर्पलहार्टला अशी ओळख पटावयास फार काळ लागला असता. अक्रोड व चेरी मऊ असल्याने लवकर जुळतात, परंतु काठ लवकर खरचटतात. बीच आणि मेपल यांत दोन्ही गोष्टींचा मेळ बसतो, म्हणून बहुतेक खेळाडू त्यांवर स्थिरावतात.

तिसरे, पृष्ठभाग. ‘तोदाइ’ म्हणजे दीपस्तंभ नावाची एक करामत आहे. त्यात गोळा हातात धरून दांडा वर उडवावयाचा व तो गोळ्यावर तळाच्या वाटीने उभा करावयाचा असतो. आरशासारख्या रोगणावर दांडा टेकताच सरकतो. बोटांना घाम आला की गोळाही हातातून निसटू पाहतो. म्हणून तोलाच्या खेळांसाठी किंचित पकड असलेला मंद रंग किंवा निव्वळ तेल दिलेले उघडे लाकूड बरे. अगदी चिकट रंगही नको. त्यावर गोळा वाटीत बसला की सहजी फिरत नाही व पुढच्या उडीस वेळ लागतो.

रोगणाच्या बाबतीत आपल्या घरांत आणखी एक प्रश्न विचारला जातो, तो येथे नोंदवितो. लाकडी वस्तूंवर लाखेचे रोगण किंवा मधमाशीचे मेण देण्याची पद्धत जगभर आहे; चन्नपट्टणच्या खेळण्यांवरही लाखच चढवितात, आणि लाख ही किड्यांपासून मिळते. ज्यांना हे वर्ज्य आहे, त्यांनी विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. जवसाचे तेल, तुंग तेल किंवा ब्राझीलमधील ताडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण ही वनस्पतीजन्य द्रव्ये त्या कामी उत्तम चालतात. कृत्रिम रोगणही मिळते.

चौथे, आकार. जपानी स्पर्धांच्या परंपरेतील केंदामा आटोपशीर असतो. गोळ्याचा व्यास सुमारे साठ मिलिमीटर व दांडा सुमारे सोळा सेंटिमीटर. अमेरिकेतील व युरोपातील नव्या घडणीत दांडा लांब, वाट्या रुंद व गोळाही काहीसा मोठा असतो. रुंद वाटीत झेलणे सोपे, हे खरे. परंतु पकड पाहावी लागते. वाट्यांचे खेळ खेळताना टोक खाली करून, अंगठा व तर्जनी यांनी दांडा धरून, मधले बोट व अनामिका लहान वाटीला टेकवितात. मुलाची बोटे तेथवर आरामात पोहोचली पाहिजेत. मी आणलेल्या केंदाम्यात ती ताणावी लागत होती. हात दुखण्याचे निम्मे कारण हे होते.

पाचवे, जुळणी. दांड्याच्या लाकडाचे तंतू बुंध्यापासून टोकापर्यंत सरळ धावले पाहिजेत. तिरके तंतू टोकाशी येऊन संपत असतील, तर एखाद्या आपटीत टोक चिरफाळते. टोकाजवळ गाठ नसावी. आडवा तुकडा दांड्यावर घट्ट बसावा, हलविल्यास खुळखुळू नये. वाट्यांच्या काठांवरून बोट फिरवावे; कूस लागता कामा नये. भोकाचा काठ आतल्या बाजूस किंचित उतरता असेल, तर नवशिक्याचे टोक सुलभतेने शिरते. दोरा फार लांब असल्यास गोळा उशिरा येतो व भलतीकडे जातो. मुलासाठी आखूडच बरा, पुढे बदलता येतो. दोरा गोळ्यात फिरता राहील अशी मणी वा छोट्या बेअरिंगची सोय असल्यास पीळ पडत नाही. डावखुऱ्या मुलासाठी आडवा तुकडा काढून उलटा बसवावा व दोरा पुन्हा ओवावा. त्यासाठी वेगळा केंदामा घेण्याची आवश्यकता नाही.

सहावी गोष्ट कानाची. गोळा वाटीत पडू द्यावा आणि ऐकावे. निरोगी, नीट वाळलेल्या लाकडाचा आवाज भरीव व मोकळा येतो. आत तडा असल्यास तो फुटका वाटतो. ही कसोटी मात्र मला कोणी शिकवावी लागली नाही. हळकुंडाने ती चाळीस वर्षे शिकविली होती.

आता खेळाविषयी दोन शब्द. मी स्वतः दीड महिना रोज दहा मिनिटे सराव केला, म्हणून अनुभवाने सांगतो. गोळा हाताने उडवावयाचा नसतो, गुडघ्यांनी उचलावयाचा असतो. गुडघे वाकवावे, सरळ होताना गोळा दोऱ्यासह उभा वर येऊ द्यावा आणि तो वाटीत उतरत असताना पुन्हा गुडघे वाकवून त्याला मऊपणे स्वीकारावे. टोकावर घ्यावयाचा असेल तर आधी गोळ्याला किंचित गिरकी द्यावी. फिरता भोवरा जसा उभा राहतो, तसा फिरता गोळा आपले भोक खालच्या बाजूसच ठेवतो. जोर लावला की चुकते. मोठी वाटी मला चौथ्या दिवशी साधली. टोक अद्याप साधलेले नाही. नातू म्हणतो, “आजोबा, तुम्ही घाई करता.” बाजारात हा आरोप माझ्यावर कोणी केला नव्हता.

जपानमधील केंदामा संघटना १९७५ साली स्थापन झाली. तिने या खेळाच्या श्रेणी ठरविल्या आहेत. दहाव्या श्रेणीपासून आरंभ करून पहिलीपर्यंत चढावयाचे आणि त्यापुढे ‘दान’ नावाच्या वरच्या पायऱ्या. मुलांना अशी पायरी समोर असली म्हणजे उत्साह टिकतो. आम्ही घरीच एक वही घातली आहे. तारीख, प्रकार आणि सलग किती वेळा साधले, एवढेच तीत लिहितो. खाते दोघांचे आहे. त्याच्या बाजूला जमा पुष्कळ आहे, माझ्या बाजूला अजून बाकीच दिसते.

मग आम्ही नवा केंदामा घेतला, या वेळी दोघांनी मिळून. मी लाकूड, तंतू, जुळणी व रोगण यांचे प्रश्न विचारले. हातात कसा बसतो, हे त्याने सांगितले. एका ओळखीच्या मुलाकडे दोन-तीन प्रकारचे होते, ते त्याने आधी प्रत्येकी अर्धा तास खेळून पाहिले. अखेर मेपलचा दांडा आणि मंद निळ्या रंगाचा मेपलचाच गोळा ठरला. आटोपशीर आकार, आखूड दोरा. पर्पलहार्टच्या निम्म्याहून कमी पैसे लागले. हलका होता म्हणून स्वस्त घेतला असे मात्र समजू नये. उत्तम लाकूड, उत्तम कातकाम आणि नीट वाळवण यांना मोल द्यावेच लागते, आणि वर्षानुवर्षे टिकणाऱ्या वस्तूसाठी ते देणे शहाणपणाचेच असते. प्रश्न एवढाच की आपण ते मोल कोणत्या गुणासाठी मोजतो.

निगा फार नाही. केंदामा उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवू नये, ओल्या फडक्याने पुसल्यास लगेच कोरडा करावा, काठाला कूस निघाल्यास बारीक पॉलिश कागदाने घासावी, दोरा झिजला की न कंटाळता बदलावा. खोचे पडतील, ते पडू द्यावे.

वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. नातवंडांसाठी काही भारी वस्तू घ्यावयाची असेल, तर ती गुपचूप आणून चकित करण्याचा मोह टाळावा. त्याला सोबत न्यावे, त्याच्या हातात द्यावी, आणि विचारावे. पहिल्या प्रश्नाला तो “छान आहे” असेच म्हणेल, कारण आपणच त्याला तसे शिकविले आहे. म्हणून दुसऱ्यांदा विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.

तो पर्पलहार्टचा केंदामा दिवाणखान्याच्या कपाटात काचेमागे उभा आहे. या लाकडाची जांभळी छटा उजेडाने हळूहळू तपकिरी होत जाते, हेही मला पुढे कळले. खिडकीकडील बाजू आताच काळवंडू लागली आहे. परवा नातवाने तो बाहेर काढून हातात तोलून पाहिला आणि म्हणाला, “आजोबा, मला आणखी दोन वर्षे लागतील.” मी वहीत त्या दिवसाची तारीख घातली आणि पुढे त्याचे वाक्य जसेच्या तसे लिहून ठेवले.